संध्याकाळचे सहा कुणाचे?

मागच्या महिन्यात जुन्या फुटबॉल मैदानांच्या पुनर्विकासावर मी जेमतेम पानभर लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं मात्र टेबलावर मावेनात. बरीचशी मुलींच्या फुटबॉलविषयी आहेत, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी आधी खेळाडू होते, मग बावीस वर्षं शिट्टी वाजवली, आणि गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून इथं उत्तरं देते. मतं माझी आहेत. पटली नाहीत तर खुशाल पिवळं कार्ड दाखवा.

प्रश्न : आमचं उपनगरातलं मैदान साठ वर्षांचं जुनं आहे. पुनर्विकासाचा आराखडा नुकताच हाती आला. दोन हजार खुर्च्यांचा स्टँड, व्यायामशाळा, सभागृह, पार्किंग, सगळं आहे. पहिल्याच पानावर 'महिला फुटबॉलला चालना' असंही छापलंय. आमच्या क्लबात मुलींचे दोन संघ आहेत. समितीच्या बैठकीत मला बोलायचं आहे. आराखड्यात नेमकं काय बघू?
— एका क्लबचे सचिव

सचिवसाहेब, पहिलं पान बाजूला ठेवा. चेंजिंग रूमचा नकाशा कितव्या पानावर आहे ते शोधा आणि तिथून वाचायला सुरुवात करा.

असं का म्हणते ते ऐका. सोळा वर्षांची असताना मी ज्या मैदानावर खेळायचे, तिथं मुलींना कपडे बदलायला सामानाची खोली होती. फक्कीची पोती, फाटक्या जाळ्या, रूळ ओढायचे दोर आणि एक मिणमिणता बल्ब. दाराला कडी होती, पण बाहेरून. त्यामुळे दोघी दाराला आतून पाठ लावून उभ्या राहायच्या, बाकीच्या बदलायच्या, मग त्या दोघींची पाळी. पोत्यांना टेकल्याशिवाय बूट चढवता येत नसत, म्हणून मैदानात उतरताना आम्हा सगळ्यांच्या चड्ड्यांवर मागून पांढरे ठसे. लोक हसायचे. आमची डावी विंगर, तिच्यासारखा वेग मी पुढे फार थोड्यांत पाहिला, एका पावसाळ्यानंतर आलीच नाही. घरी जाऊन विचारलं तर म्हणाली, "खेळायचंय गं मला. पण त्या खोलीत नाही यायचं."

तर चेंजिंग रूम किती आहेत ते मोजा. दोनच असतील तर लागोपाठच्या सामन्यांत आधीचे संघ आवरेपर्यंत पुढचे संघ व्हरांड्यात ताटकळतात, आणि जास्त कोण ताटकळतं हे तुम्हाला मी सांगायला नको. चार हव्यात, आणि चारही एकसारख्या. एका दारावर 'महिला' अशी पाटी ठोकून काम उरकू देऊ नका. तशी खोली दर वेळी शेवटची, पंपाशेजारची आणि सगळ्यांत लहान निघते. आत उघड्या न्हाणीऐवजी दारं असलेले वेगवेगळे शॉवर, मुताऱ्यांच्या रांगेऐवजी दाराचे संडास, झाकणाची कचरापेटी आणि आतून लागणारी कडी. दार उघडलं की बाहेरून थेट आतलं दिसू नये म्हणून एक आडवी भिंत. अशी खोली पुरुषांच्या संघाला सहज चालते. पुरुषांसाठी बांधलेली खोली मुलींना चालवून घ्यावी लागते. रेफरींच्या खोल्याही दोन मागा. मी कित्येक सामने घरूनच ड्रेस घालून, वर रेनकोट चढवून गेले आहे. भर उन्हाळ्यात.

मग मैदानाची दिशा बघा. जुन्या लोकांनी मैदानं बहुधा उत्तर-दक्षिण आखली, म्हणजे मावळतीचं ऊन कुठल्याच गोलकीपरच्या डोळ्यांवर येत नाही. पुनर्विकासात पार्किंग आणि दुकानांचे गाळे बसवायला मैदान नव्वद अंशांत फिरवायचा मोह होतो, कारण नकाशावर ते छान बसतं. अशा फिरवलेल्या एका मैदानावर मी सामना घेतला आहे. दुसऱ्या अर्ध्यात पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिलेली कीपर एक हात कपाळावर धरून उभी होती. लांबून मारलेला अगदी साधा चेंडू तिच्या खांद्यावरून आत गेला. तिला तो दिसलाच नव्हता. मी नियमाप्रमाणे गोल दिला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

दिव्यांचं पान असेल तर लक्सचा, म्हणजे मैदानावर पडणाऱ्या उजेडाच्या मापाचा आकडा विचारा. युरोपात वापरल्या जाणाऱ्या मानकानुसार सरावाला 75 लक्स पुरतो, मधल्या पातळीच्या स्पर्धेला 200 लागतो. ठेकेदार टीव्हीवर दिसेल असा झगमगाट सुचवतात. तो परवडत नाही, मग दिवे 'पुढच्या टप्प्यात' ढकलले जातात, आणि पुढचा टप्पा येत नाही. पहिल्याच टप्प्यात 75 मागा, खांब आणि तारा मात्र पुढे 200 पेलतील अशा घ्या. आणि एक दिवा असा मागा जो कुठल्याच आराखड्यात नसतो, मैदानापासून फाटकापर्यंतच्या वाटेवरचा. रात्री आठला सराव सुटल्यावर आईबाप नेमकी तीच वाट बघत उभे असतात.

स्टँडचं काय, असं विचाराल. दोन हजार खुर्च्या कशाला? एव्हर्टनचा महिला संघ इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये खेळतो, तरी 2025 पर्यंत त्यांचं घरचं मैदान 2,200 क्षमतेचं होतं. तुमच्याकडे पाचशे पुरतील. उरलेल्या पैशात निचरा होईल, दिवे होतील, वर चेंजिंग रूमच्या फरशाही चांगल्या बसतील. स्टँडवर उद्घाटनाची पाटी लावता येते, जमिनीखालच्या पाइपवर लावता येत नाही, एवढीच खरी अडचण आहे.

आता दोन गोष्टी, ज्या आराखड्यात शोधूनही सापडणार नाहीत.

पहिली म्हणजे काम चालू असताना कोण कुठं खेळणार. बांधकाम एक हंगाम म्हणतात आणि दोन-तीन खातात. तेवढ्यात पहिल्या पुरुष संघासाठी दुसरं मैदान भाड्यानं मिळतं, मुलग्यांच्या संघांना कुठल्यातरी शाळेचं पटांगण मिळतं, आणि मुलींना 'काम झालं की कळवतो' मिळतं. दोन वर्षांत चौदाची मुलगी सोळाची होते आणि तिचा बुटांचा जोड धाकट्या भावाकडे जातो. म्हणून पर्यायी मैदान, वार आणि वेळ, ही तिन्ही मुलींच्या संघांच्या नावासकट कामाच्या मंजुरीपत्रात लिहून घ्या. तोंडी नको.

दुसरी म्हणजे वेळापत्रक. नवं मैदान झालं की पहिल्याच आठवड्यात जुनं वेळापत्रक जसंच्या तसं भिंतीवर चिकटतं. 'आमची मंगळवारची वेळ वीस वर्षांची आहे' असं म्हणणारा कुणीतरी असतोच. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं यावर चांगली मेख मारली आहे. 1 जुलै 2024 पासून तिथल्या स्थानिक कौन्सिलला क्रीडासुविधांसाठी राज्याचा निधी हवा असेल, तर मैदानांच्या वाटपात मुली-स्त्रियांना न्याय्य वाटा देणारं धोरण आधी असावं लागतं. पैसा आणि वेळापत्रक एका दोरीत बांधलं. तुमच्या बैठकीत हे एवढं जरी मांडलंत तरी पुरे. आराखड्याला मंजुरी देण्याआधी नवं वेळापत्रक मागा, आणि त्यात आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सहाची वेळ कुणाच्या नावावर आहे ते वाचा. पहिल्या पानावरची चालना खरी की छापील, ते त्या दोन चौकोनांत कळेल.

प्रश्न : तुमचा लेख वाचला. मी पन्नास वर्षं एकाच मैदानावर सामने बघत आलो आहे. माझ्या वडिलांनी तिथंच मला खांद्यावर घेऊन पहिला सामना दाखवला. आता ते पाडून नवं होणार, त्याचं दुःख आहेच. वर पैसा मुलींच्या फुटबॉलच्या नावावर मागतात, ज्याला कुत्रं फिरकत नाही. कटू आहे, पण प्रेक्षक नाहीत हे सत्य आहे. उत्तर द्या, समजूत नको.
— एक जुने प्रेक्षक

काका, समजूत घालत नाही. तारीख सांगते, 26 डिसेंबर 1920. लिव्हरपूलचं गुडिसन पार्क, 1892 साली उघडलेलं, एव्हर्टनचं मैदान. त्या दिवशी तिथं प्रेस्टनच्या एका कारखान्यातल्या कामगार मुलींचा संघ, डिक कर लेडीज, सेंट हेलेन्सच्या संघाशी खेळला. आत 53,000 माणसं. हजारो बाहेरून परत गेली. डिक करची आघाडीची खेळाडू फ्लॉरी रेडफर्ड, तिची गाडी चुकली आणि ती पोचलीच नाही. मग उत्तरार्धात कर्णधार ॲलिस केल स्वतः पुढे सरकली आणि तिनं हॅटट्रिक केली. सामना 4-0. जमलेले तीन हजार पौंडांहून जास्त पैसे युद्धातून परतलेल्या गरजू सैनिकांसाठी गेले.

वर्षभरही झालं नाही, तोच 5 डिसेंबर 1921 रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला, की हा खेळ बायकांना योग्य नाही. आता ठरावातला खरा डाव बघा. मुलींनी खेळू नये असा कायदा करायचा अधिकार असोसिएशनला नव्हताच. त्यांनी आपल्या क्लबांना सांगितलं, की अशा सामन्यांना तुमची मैदानं देऊ नका. बस्स. संघ राहिले, चेंडू राहिला, प्रेक्षकही राहिले असते, पण त्यांना उभं राहायला जागा उरली नाही. रग्बीच्या मैदानांवर आणि बागांमध्ये खेळत डिक करचा संघ कित्येक वर्षं टिकून राहिला, पण 53,000 माणसं बागेत मावत नाहीत. ही बंदी उठायला पन्नास वर्षं लागली.

जर्मनीतही तोच डाव. 1955 साली तिथल्या महासंघानं क्लबांना बजावलं, की महिला विभाग काढू नका आणि महिलांना मैदानं देऊ नका. 1970 मध्ये ते मागे घेतलं, तेही कसं? सामना 70 मिनिटांचा, बुटांना स्टड नाहीत, चेंडू हलका आणि हिवाळ्यात लांबलचक सुट्टी. ब्राझीलनं तर 1941 मध्ये सरकारी फर्मान काढून मनाई केली, ती 1979 पर्यंत चालली. पेलेच्या देशात, पेले खेळत होता ती सगळी वर्षं.

तेव्हा 'प्रेक्षक नाहीत' हे वाक्य मी ऐकते तेव्हा मला विचारावंसं वाटतं, की प्रेक्षक आधी गेले की मैदान आधी गेलं? तुमच्याकडे मुलींचा सामना किती वाजता लावतात? मी घेतलेले बहुतेक भर दुपारी होते, स्टँडचं कुलूप न काढता. अशा वेळी तुम्ही म्हणता तसं कुत्रंच येतं, आणि खरंच यायचं, तपकिरी रंगाचं, कॉर्नरच्या झेंड्यापाशी सावलीत झोपायचं.

आता तुमच्या दुःखाविषयी, कारण पत्रातला तो भाग मला जास्त खरा वाटला. मेलबर्नमधलं प्रिन्सेस पार्क हे तुमच्या मैदानासारखंच उपनगरातलं जुनं मैदान. खेळ आपला नव्हे, ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल, लांबट चेंडूचा. 2005 साली तिथला पुरुषांच्या मोठ्या लीगचा शेवटचा सामना झाला, सगळे सामने मोठ्या स्टेडियममध्ये गेले, आणि जुन्या प्रेक्षकांना वाटलं, संपलं. 3 फेब्रुवारी 2017 रोजी नव्या महिला लीगचा पहिलाच सामना तिथं ठेवला, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड. 24,568 लोक आत आले आणि दारं बंद करावी लागली. पुढे त्या मैदानाचं नूतनीकरण झालं ते महिलांचे सामने डोळ्यांपुढे ठेवून.

आणि गुडिसन पार्क? एव्हर्टनचा पुरुष संघ 2025 मध्ये नदीकाठच्या नव्या स्टेडियममध्ये गेला. जुनं मैदान पाडायचं असाच आधी बेत होता. तो बदलला, आणि 2025-26 च्या हंगामापासून गुडिसन एव्हर्टनच्या महिला संघाचं घर झालं. ॲलिस केलनं जिथं तीन गोल मारले, तिथंच. तुमच्या वडिलांच्या खांद्याची जागा वाचवायची असेल तर काका, तुम्हाला आज सगळ्यांत जास्त गरज आहे ती त्या मैदानावर दर आठवड्याला खेळणाऱ्या कुणाची तरी. मुली तयार आहेत. पुढच्या सामन्याला या, आणि येताना कुलपाची किल्ली कुणाकडे असते ते विचारून या.

प्रश्न : नैसर्गिक गवत की कृत्रिम? आमच्या समितीत यावरून दोन तट पडलेत. पाऊस झाला की मैदानाचं तळं होतं.
— समितीतली एकमेव स्त्री सदस्य

दोन्ही तटांना आधी खुरपं घेऊन मैदानात न्या. गोलसमोरच्या जागेत वीतभर खणा. वरचा थर विटेसारखा कडक लागला आणि खालची माती भुसभुशीत असली, तर तुमचं दुखणं गवताचं नाहीच. वर्षानुवर्षांच्या पायांनी आणि रुळानं माती दाबली गेली आहे आणि पाणी खाली उतरायला वाट नाही. अशा मैदानाला भोकं पाडून, त्यांत वाळू भरून, खाली छिद्रांचे पाइप टाकून आणि मधून कडेला थोडा उतार देऊन पुन्हा जिवंत करता येतं. माती आधी सुधारायची, गवताचा वाद मग घालायचा.

कृत्रिम गवताची खरी ताकद एकच, कितीही तास खेळा. गवत थकतं, त्याला विश्रांती लागते, आणि तास कमी पडले की पहिली कात्री कुणाच्या सरावाला लागते ते वर सांगून झालंय. म्हणून एकच तुकडा जमीन आणि सात-आठ संघ असतील तर मी कृत्रिमला नाक मुरडणार नाही. पण तीन गोष्टी बैठकीत बोला. उन्हात ते हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, दुपारच्या सामन्यात तळपाय भाजतात. साधारण दहा वर्षांनी ते बदलावं लागतं, तेव्हा आजच्या खर्चाबरोबर त्या खर्चाची तरतूद आजच हवी. आणि त्यात भरतात ते काळे रबरी दाणे. युरोपीय संघानं 2023 मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यात हे दाणेही आले. मैदानांना आठ वर्षांची सवलत आहे, म्हणजे 2031 नंतर तिथं ते विकता येणार नाहीत. आज नवं मैदान करताना पर्यायी भरण मागणंच शहाणपणाचं.

खेळाडूंचं मत विचाराल तर ते जगजाहीर आहे. 2015 चा महिला विश्वचषक कॅनडात झाला, तो पूर्णपणे कृत्रिम गवतावर. अमेरिकेच्या ॲबी वॉमबॅकसह अनेक नामवंत खेळाडूंनी त्याविरुद्ध तक्रार दाखल केली होती. पुरुषांचा विश्वचषक असा कधी खेळवलात का, हा त्यांचा साधा सवाल. तक्रार शेवटी मागे घेतली गेली, पण 2023 मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा विश्वचषक नैसर्गिक गवतावर झाला.

माझा कौल, जागा असेल तर मुख्य मैदान गवताचं आणि कडेला सरावापुरता छोटा कृत्रिम तुकडा. फक्त एक करा, मुलींना कायमचं त्या छोट्या तुकड्यावर पाठवू नका. आठवड्याआड अदलाबदल.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची, फुटबॉलवेडी. तिच्या संघातल्या एकीच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. मुलींमध्ये हे जास्त होतं म्हणतात. खेळ थांबवू का?
— काळजीत पडलेले वडील

थांबवू नका. ऐकलंत ते खरं आहे, एसीएलची, म्हणजे गुडघ्यातल्या त्याच लिगामेंटची दुखापत मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा निदान दुपटीनं जास्त दिसते. पण टाळण्यासाठी करण्यासारखं बरंच आहे. फिफाचा '11+' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे. पळणं, ताकद, तोल आणि उडी मारून नीट उतरणं. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या मुलींवर झालेल्या मोठ्या अभ्यासात (2008) हा वॉर्मअप करणाऱ्यांच्या गंभीर दुखापती बऱ्याच घटल्या. अट एकच, दर सरावाला करायचा, मनात येईल तेव्हा नव्हे.

घरी एक बघा. मुलीला एका पायरीवरून दोन्ही पायांवर खाली उडी मारायला सांगा आणि समोरून गुडघे पाहा. उतरताना ते एकमेकांकडे आत वळत असतील, तर तिच्या प्रशिक्षकाला तसं सांगा. शिकवून सुधारतं. तुमचा दुसरा मुद्दा तुम्ही लिहिला नाहीत, पण मी विचारते, संघाला वॉर्मअपला वेळ मिळतो का? पाऊण तासच मैदान मिळत असेल तर प्रशिक्षक आधी वॉर्मअपच उडवतो. गुडघा असा वेळापत्रकातही तुटतो.

जाता जाता, हलवायचे गोलखांब मागून वजनानं किंवा खुंट्यांनी बांधलेले आहेत का ते तुम्ही स्वतः हलवून बघा. मोकळा गोल उलटून अंगावर पडणं ही गुडघ्यापेक्षा भयंकर गोष्ट आहे.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. आमच्या क्लबचं मैदान नवीन झालं, खूप मस्त आहे. पण आमची वेळ दुपारी दीडची आहे, आणि ती पण कधी कधी मुलांची मॅच असली की कॅन्सल होते. सर म्हणतात, तुम्ही संख्येनं कमी आहात, संख्या वाढली की वेळ मिळेल. आम्ही अकरा जणी आहोत. काय करू?
— अकरावी खेळाडू

अगं, तुझ्या सरांचं गणित उलटं आहे, हे तुलाही कळलंय म्हणूनच तू पत्र लिहिलंस. शाळा असताना दीड वाजता बारावी मुलगी येणार कुठून?

भांडू नकोस. एक वही कर. शंभर पानी, साधी. रेघा मारून चार रकाने आख. तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष मिळालेली मिनिटं, आणि कमी मिळाली असतील तर कारण. कारण सर जे शब्द वापरतील त्याच शब्दांत लिही, स्वतःचं काही घालू नकोस. 'मुलांची मॅच', 'पाणी मारलंय', 'किल्ली नाही'. आल्या असतील त्या सगळ्या मुलींच्या सह्या खाली. अकरा जणींमध्ये जिचं अक्षर सगळ्यांत नीटनेटकं आहे तिच्याकडे वही दे, आणि कप्तानाकडे देऊ नको, कप्तानाला बाकीची कामं असतात.

शिट्टी वाजवायच्या दिवसांत मी एक शिकले, की तोंडानं कितीही ओरडा, सामन्यानंतर समिती फक्त रेफरीचा लेखी अहवाल वाचते. तुझी वही म्हणजे तुझा अहवाल.

आठ आठवडे झाले की मिनिटांची बेरीज कर. मग दोन-तीन आयांना बरोबर घेऊन समितीकडे जा, पण 'आमच्यावर अन्याय होतो' असं सुरुवातीला म्हणू नकोस. बेरीज वाचून दाखव आणि एकच मागणी कर, आठवड्यातली एक संध्याकाळ, सहा ते सव्वासात, तीन महिन्यांसाठी. तीन महिन्यांनी मोजा म्हणावं आम्ही किती झालो ते. अर्धा अर्धा तास दोन वार देऊ असं म्हणतील. घेऊ नकोस. अर्ध्या तासात वॉर्मअपच होतो, वर मागच्या पत्रातल्या बाबांना काय सांगितलं ते वाच.

आणि दीडची वेळ लगेच सोडू नका. सोडलेली वेळ दुसऱ्याच दिवशी दुसऱ्याच्या नावावर चढते, हे मी दोनदा बघितलंय. सहाची पक्की झाल्याचा कागद हातात पडेपर्यंत दीडला जात राहा. टोपी घाल, पाण्याची बाटली मोठी ने.

पहिला महिना भरला की वहीच्या त्या पानांचा फोटो मला पाठव. क्लबचं नाव झाकून पुढच्या अंकात छापते.